मागच्या बाजूची बारीक ओळ

पुण्याच्या तपकीर गल्लीत सकाळी अकराला दुकानांची शटर नुकती वर गेलेली असतात. उदबत्तीचा वास आणि सोल्डरच्या फ्लक्सचा धूर एकमेकांत मिसळलेला असतो आणि गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवरून खोकी उतरत असतात. अशा वेळी एका मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर पन्नाशी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी पॉवर बँक ठेवली. "यात काहीतरी खोट आहे बघा. वीस हजारची म्हणून घेतली. माझा फोन पाच हजारचा. म्हणजे चार वेळा भरायला हवा की नको? अडीच वेळा भरतो आणि दिवे विझतात." दुकानदार तिशीचा, एका डोळ्याला भिंग लावलेला. "काका, किती दिवस झाले घेऊन?" "महिना. रिव्ह्यू वाचूनच घेतली. चार वेळा भरते असं स्पष्ट लिहिलं होतं त्यात." दुकानदाराने पॉवर बँक उलटी केली, दिवा खाली ओढला आणि मागच्या बाजूला एका ठिकाणी नख टेकवलं. पुढे ठसठशीत अक्षरांत २०,००० एमएएच. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: रेटेड कपॅसिटी १२,००० एमएएच, ५ व्होल्ट. काकांनी चष्मा कपाळावर ढकलून ती ओळ दोनदा वाचली. "म्हणजे बाराचाच माल दिलाय मला?" "नाही काका, वीसचीच आहे. दोन्ही आकडे खरे आहेत."

दोन्ही आकडे खरे आहेत, हे वाक्य डोक्यातून जाईना.

काकांचा हिशोब चुकीचा नव्हता, अपुरा होता. एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-अवर, ही झाली नोटांची संख्या. नोटा दहाच्या की वीसच्या, ते व्होल्ट सांगतात. पॉवर बँकेच्या आतले लिथियम सेल सरासरी ३.७ व्होल्टचे असतात आणि पुढचा मोठा आकडा त्या सेलच्या हिशोबाने छापलेला असतो. २०,००० एमएएच गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॉट-अवर, ही आत साठवलेली खरी ऊर्जा. पण केबलमधून बाहेर पडतात ५ व्होल्ट. तेवढीच ऊर्जा पाचाच्या नोटांत मोजली की आकडा १४,८०० वर येतो, आणि त्यात अजून काहीही वाया गेलेलं नसतं. ३.७ चे ५ करायला आत एक सर्किट असतं, ते पंधरा-सोळा टक्के उष्णतेत घालवतं. खिशात पॉवर बँक कोमट लागते ती हीच वीज. उरले साधारण ६२ वॉट-अवर. आता फोनकडे या. पाच हजारची बॅटरी ३.८५ व्होल्टची धरली तर ती सव्वाएकोणीस वॉट-अवरची, पण भरताना तिथेही गळती असतेच, म्हणून केबलमधून बावीसच्या आसपास खेचले जातात. ६२ भागिले २२ केले की पावणेतीन येतात. भरत असताना फोन वापरला, किंवा केबल बारीक असली, की अडीच. काकांना बरोबर तेवढंच मिळत होतं जेवढं मिळायला हवं.

मग चूक कुणाची? उत्पादकाने दोन्ही आकडे छापले, एक मोठा आणि एक बारीक. चूक त्या रिव्ह्यूची आहे. लिहिणाऱ्याने वीस हजारला पाच हजारने भागलं आणि आलेलं उत्तर अनुभव म्हणून छापलं. फोन एकदाही भरून पाहिला नाही. भाजीवाल्याने तराजूत दगड ठेवला तर आपण त्याला मापात पाप म्हणतो. माप न घेताच माप सांगणं हे त्याहून वाईट आहे, कारण त्यात वाचकाच्या हाती वाद घालायलासुद्धा काही उरत नाही. आणि वाद तर होतातच. एक म्हणतो पैसे घेऊन लिहिलंय, दुसरा म्हणतो माझी तर झकास चालते, तिसरा दोघांना कंजूष ठरवतो. तिघांपैकी कुणीही व्होल्ट विचारत नाही.

दुकानदार म्हणाला, "पूर्ण भरलेली आहे ना? मग ठेवून जा. संध्याकाळी आकडाच देतो." काकांना तसंही नातवंडांच्या वह्यांसाठी अप्पा बळवंत चौकात जायचं होतं. ते निघाले. दुकानदाराने पॉवर बँकेला आगपेटीएवढा यूएसबी मीटर लावला, मीटरला एक छोटा लोड, म्हणजे ठरावीक प्रवाह खेचत राहणारं उपकरण, जोडला आणि लोडवर २ अँपिअर लावून त्याचा पंखा चालू झाल्याची खात्री केली. ही चाचणी कुणालाही घरी करता येते, पण तिच्यात घसरायच्या जागा बऱ्याच आहेत. पहिली म्हणजे सुरुवात. चारही दिवे लागले म्हणजे भरली असं नव्हे, दिवे लुकलुकायचे थांबले पाहिजेत. मीटर थेट पॉवर बँकेच्या तोंडाशी लावायचा, केबलच्या दुसऱ्या टोकाला नाही. साध्या मीटरभर लांबीच्या केबलचा जाण्या-येण्याचा मिळून रोध ०.२ ओहम असला तरी २ अँपिअरला ०.४ व्होल्ट वाटेतच पडतात, म्हणजे दहा वॉटमधले ०.८ वॉट गेले. आठ टक्क्यांची चोरी केबलने केली आणि आळ पॉवर बँकेवर आला. मीटरवर दोन आकडे चढत असतात, त्यातला एमएएचचा सोडून वॉट-अवरचा लिहायचा. आणि लोड फार कमी ठेवायचा नाही. बहुतेक पॉवर बँका फार कमी प्रवाह दिसला की समोर कुणी नाही असं समजून स्वतःहून बंद होतात. कानातले इअरबड किंवा मनगटी घड्याळ भरताना पॉवर बँक मधेच झोपते याचं कारण हेच असतं. काहींवर बटण दोनदा दाबलं की कमी प्रवाहाची सोय चालू होते. मॅन्युअलमध्ये ती एका ओळीत लिहिलेली असते आणि ती ओळ न वाचता कित्येक चांगल्या वस्तू परत केल्या जातात.

मीटर नसेल तर किराणा दुकानातला काटा चालतो. चांगल्या लिथियम सेलमध्ये किलोमागे २३० ते २५० वॉट-अवर मावतात. म्हणजे ७४ वॉट-अवरला नुसते सेलच तीनशे ग्रॅमच्या घरात गेले, त्यावर सर्किट आणि कवच. खरी वीस हजारची पॉवर बँक हाताला जड लागलीच पाहिजे. दोनशे ग्रॅम भरली तर आत वीस हजार असूच शकत नाहीत, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. फुटपाथवर 'पन्नास हजार' लिहिलेल्या ज्या साबणाच्या वडीएवढ्या पेट्या मिळतात, त्यांना तर हिशोबाने पाऊण किलोचे सेल लागतील. काही नकली पेट्यांत वजन यावं म्हणून वाळू भरलेली असते, तेव्हा हलवून आवाजही ऐकावा. विमानाचा नियमही याच गणितावर उभा आहे. न विचारता सोबत नेता येतात ते १०० वॉट-अवर. २७,००० गुणिले ३.७ केले की ९९.९ येतात. बाजारात २७ हजारच्या आसपास येऊन आकडे का थांबतात, याचं दुसरं काही गूढ नाही.

पॉवर बँक साधी वस्तू आहे. फोनच्या बाबतीत हाच घोळ दहापट होतो, कारण तिथे आकड्यामागच्या अटीही दहापट असतात. 'सोळा तास चालतो' असं वाचलं की पहिला प्रश्न हवा: पडद्याचा उजेड किती होता? खोलीत २०० निट्सवर, वाय-फायवर, २५ अंशांत पानं आपोआप सरकवून घेतलेला आकडा खराच असतो. पण दुपारी दोन वाजता वर्ध्यात रस्त्यावर उभं राहून नकाशा बघणाऱ्याचा फोन उजेड त्याच्या कितीतरी पट वर नेतो. कसारा घाटात रेंज पडते तेव्हा टॉवर गाठण्यासाठी फोनचा ट्रान्समीटर पूर्ण ताकदीने ओरडत असतो. ॲपल आपल्या फोनसाठी भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच योग्य धरते, आणि विदर्भातला मे महिना ४५ दाखवतो. चाचणी करणाऱ्याने खोटं लिहिलेलं नाही आणि वर्ध्याच्या माणसाचा त्रागाही खोटा नाही. त्यांनी दोन वेगवेगळे प्रयोग केलेत आणि दोघांना वाटतंय आपण एकाच प्रयोगावर भांडतोय.

कधी कधी तर वस्तूच वेगळी असते. २०२० साली सॅमसंगचा गॅलेक्सी एस-२० आला तेव्हा अमेरिकेतल्या फोनमध्ये क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८६५ चिप होती आणि भारतात विकला गेला त्यात सॅमसंगची स्वतःची एक्सिनॉस ९९०. नाव तेच, खोकं तेच, किंमतही मानाचीच. न्यू जर्सीतला भाऊ म्हणणार बॅटरी छान, नाशिकचा भाऊ म्हणणार गरम होतो, आणि दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर दोघेही आपापल्या जागी खरे. अमेरिकन परीक्षण वाचून इथे खरेदी करणाऱ्याला ही एक ओळ कुणी सांगायची? परीक्षण लिहिणाऱ्याने. 'मी तपासलेला नमुना अमुक चिपचा, अमुक सॉफ्टवेअरवर चालणारा, कंपनीने पाठवलेला, आठ दिवस वापरलेला' एवढं वर लिहिलं तरी अर्धी भांडणं जन्मालाच येणार नाहीत.

आठ दिवस, हा शब्द मुद्दाम लिहिला. बहुतेक परीक्षणं आठवडा-दहा दिवसांच्या वापरावर उभी असतात. कंपनी फोन पाठवते, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या तासाला सगळ्यांनी एकदम छापायचं असतं, आणि उशिरा छापणाऱ्याला वाचक मिळत नाही. आठ दिवसांतही पुष्कळ कळतं, ते नाकारता येणार नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये सॅमसंगच्या पहिल्या घडीच्या फोनचे नमुने परीक्षकांच्या हातात दोन-चार दिवसांतच बिघडले. पडद्यावरचा जो थर काहींनी संरक्षक प्लॅस्टिक समजून सोलला, तो पडद्याचाच भाग निघाला. २६ एप्रिलची विक्री पुढे ढकलून सप्टेंबरवर गेली. पत्रकारितेने ग्राहकाला थेट वाचवल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. पण जे बिघाड काही महिन्यांनी, वर्षांनी येतात ते आठ दिवसांत दिसणार कसे? मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावून दिवसभर पार्सलं पोचवणाऱ्या मुलांच्या फोनचा कॅमेरा काही महिन्यांनी थरथरायला लागतो, फोटो पुसट येतात. लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा इंजिनाच्या सततच्या कंपनाने ढिली पडते. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये हे स्वतः लिहून सावध केलं. दुरुस्तीच्या काउंटरवर मात्र कंपनाने गेलेला कॅमेरा ही ओळखीची तक्रार आहे. ज्याच्याकडे दोन वर्षांचा अनुभव आहे त्याच्याकडे मीटर नाही, आणि ज्याच्याकडे मीटर आहे त्याच्याकडे दोन वर्षं नाहीत.

हे दोघे एकदा खरोखर भेटले होते.

डिसेंबर २०१७. एका आयफोन ६-एस वापरणाऱ्याचा फोन फार संथ झाला होता. 'जुना झाला, आता नवा घ्या' हे त्यानेही ऐकलं असणार. त्याने बॅटरी बदलली आणि फोन पुन्हा पळायला लागला. इथपर्यंत ही दहा हजार लोकांना येणारी अनुभूती आहे. त्याने वेगळं एवढंच केलं, की बॅटरी बदलायच्या आधी आणि नंतर फोनचा वेग मोजणारी गीकबेंच नावाची चाचणी चालवली आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून लोकांना दाखवले. प्रोसेसरच्या एका कोअरचा आकडा १४६६ वरून २५२६ वर गेला होता. पुढे गीकबेंच बनवणाऱ्या जॉन पूल यांनी आपल्याकडे जमा झालेले त्याच मॉडेलचे असंख्य निकाल काढले आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्तीनुसार त्यांचे आलेख मांडले. आयओएस १०.२ वर एकच उंच शिखर, म्हणजे सगळे फोन जवळपास सारखे. १०.२.१ पासून डावीकडे छोटी छोटी शिखरं उगवलेली, म्हणजे काही फोनना कुणीतरी ठरावीक पायऱ्यांवर खाली बसवलेलं. नुसत्या म्हातारपणाने आलेला संथपणा असा पायऱ्यापायऱ्यांचा नसतो. दोनच दिवसांत ॲपलने कबूल केलं, २८ डिसेंबरला जाहीर माफी मागितली आणि ७९ डॉलरची बॅटरी बदली २९ वर आणली. आज आयफोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीचं आरोग्य टक्क्यांत दिसतं, त्याची सुरुवात या भांडणातून झाली.

ॲपलने दिलेलं कारण मात्र तांत्रिकदृष्ट्या खरं होतं, आणि हे न सांगणं अन्यायाचं होईल. बॅटरी जुनी झाली की तिची साठवण कमी होते तसा तिचा अंतर्गत रोधही वाढतो. जुन्या वाड्याच्या गच्चीवर टाकी अर्धी भरलेली असते, पण पाइपात क्षार साचलेला. एक नळ सोडला तर धार बरी, तीन नळ एकदम सोडले की वरच्या मजल्याचं पाणी जातं. कॅमेरा उघडला, गेम सुरू झाला, प्रोसेसरने क्षणभर मोठा प्रवाह मागितला की जुन्या बॅटरीचा व्होल्टेज पडतो आणि ३०-४० टक्के दिसत असतानाच फोन पटकन बंद होतो. तो बंद पडू नये म्हणून वेग कमी केला होता. उपाय चुकीचा नव्हता, लपवणं चुकीचं होतं. 'बॅटरी बदला, फोन ठीक आहे' एवढं सांगितलं असतं तर कितीतरी लोकांनी नवा फोन घेतला नसता.

असं आलेख मांडणारं काम रोज लागतं, आणि ते करणारे कमी होत चाललेत. जुलै २०२१ मध्ये आनंदटेक या संकेतस्थळाने दाखवलं की वनप्लस ९ प्रो हा फोन क्रोमसारख्या रोजच्या ॲपना मुद्दाम हळू चालवतो आणि वेग मोजणाऱ्या चाचणीला मात्र पूर्ण धावू देतो. गीकबेंचने वनप्लस ९ आणि ९ प्रो हे दोन्ही फोन यादीतून काढले. मार्च २०२२ मध्ये सॅमसंगच्या काही फोनवर तीच वेळ आली. कंपन्यांचं म्हणणं उष्णता आणि बॅटरी वाचवण्याचं होतं, आणि ते पटण्यासारखंही आहे. रोज वापरणाऱ्याला थंड फोनच हवा असतो. मग चाचणीच्या ॲपलाच सूट का, या प्रश्नाला मात्र चांगलं उत्तर नाही. आनंद लाल शिंपी यांनी १९९७ मध्ये, शाळकरी वयात सुरू केलेलं आनंदटेक ३० ऑगस्ट २०२४ ला बंद झालं. एका चिपवर पंधरा-पंधरा पानं लिहिणारी, प्रत्येक आलेखाखाली मोजण्याची पद्धत देणारी ती जागा गेली याचं खरोखर वाईट वाटतं. त्या जागी खोकं उघडण्याचा आवाज ऐकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत.

दुपारी त्याच काउंटरवर एक फुगलेला फोन आला. मागची काच एका कडेने उचललेली, आतून नेलपॉलिशसारखा गोडसर वास. दुकानदाराने तो वास येताच गिऱ्हाइकाला मागे सरायला सांगितलं. असा फोन दाबायचा नाही, चार्जला लावायचा नाही, तापवायचा नाही. त्याने वाळूची बादली पायाशी ओढून घेतली आणि काचेखालचा उरलेला डिंक प्लॅस्टिकच्या कार्डाने इंच इंच सोडवला. एरवी, न फुगलेल्या फोनची बॅटरी बदलताना चार्ज आधी पंचवीस टक्क्यांच्या खाली आणतात, मग ८० अंशांच्या तव्यावर काही मिनिटं ठेवून मागची काच उचलतात. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचं, बाकी सगळं नंतर. बॅटरी डिंकाने घट्ट असेल तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब सोडून दोन मिनिटं वाट बघायची. घाई झाली आणि धातूचा चिमटा घातला, की पातळ पिशवीला भोक पडून धूर निघालाच समजा. नवी बॅटरी बसवल्यावर कडेची गोंदपट्टी नवी लावली नाही तर पाण्यापासूनचं संरक्षण गेलं, आणि पहिल्या पावसात फोन परत येतो. या साऱ्याला चांगल्या फोनवर वीस मिनिटं लागतात, वाईट रचनेच्या फोनवर दीड तास. बॅटरी बदलायला किती वेळ लागतो आणि तिची किंमत किती, हे कुठल्या परीक्षणात सहसा वाचायला मिळतं? पातळपणाचे मिलिमीटर मात्र दशांशात मिळतात.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या फोनच्या खोक्यावर एक लेबल लागतं. एका चार्जमध्ये किती तास-मिनिटं चालतो, किती चार्जनंतर बॅटरीत ८० टक्के ताकद उरते, पडण्याला किती टिकतो, दुरुस्तीला किती सोपा, हे त्यावर ठरलेल्या पद्धतीने मोजून छापावं लागतं. बॅटरीने किमान ८०० चार्जनंतर ८० टक्के टिकवायला हवेत आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळायला हवेत. आपल्याकडे पंख्यावर, फ्रिजवर तारे मोजून घेणारी माणसं आहेत. फोनवर असं लेबल आलं तर तीच माणसं ते बोट ठेवून वाचतील, याबद्दल शंका नाही. किराणा दुकानातल्या काट्यावर दर वर्षी वैधमापनचा शिक्का बघण्याची सवय ज्या समाजाला आहे, त्याला फोनचं माप अवघड का वाटावं?

साडेपाचला काका परतले. हातात वह्यांचा गठ्ठा, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. पॉवर बँकेचे दिवे विझलेले होते, लोडचा पंखा थांबलेला होता आणि मीटरवर शेवटचे आकडे तसेच उभे होते: ६ तास १० मिनिटं, १२,३४० एमएएच, ६१.४ वॉट-अवर. "मागे बारा हजार लिहिलंय ना, त्याच्यापेक्षा थोडी जास्तच देतेय," दुकानदार म्हणाला, "आतल्या ७४ च्या ८३ टक्के. उत्तम पीस आहे काका, वापरा." काकांनी पैसे विचारले, त्याने हात जोडले. मग काकांनी पिशवीतून पॉवर बँकेचं खोकं काढलं, खिशाचं पेन काढलं आणि पुढच्या ठसठशीत २०,००० च्या खाली, रेघ मारून, स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ६१.४, आणि शेजारी तारीख. "पुढच्या वर्षी याच महिन्यात आणतो," ते म्हणाले, "परत मोजून द्या." दुकानदाराने मीटर पुसून खणात ठेवला आणि लोडच्या तारा गुंडाळायला घेतल्या.